लॅपटॉप घेताना १४४ चा आकडा

श्रोतेहो, नमस्कार. बारावीचा निकाल लागला की कुडाळपासून रत्नागिरीपर्यंत लॅपटॉपची चौकशी सुरू होते. हल्ली दुकानात एक आकडा ठळक लिहिलेला दिसतो, १४४ हर्ट्झ. म्हणजे पडदा एका सेकंदात १४४ वेळा चित्र नव्याने काढतो. साधा पडदा ६० वेळा काढतो.

गेल्या मे महिन्यात देवगडचे आमचे भावोजी आणि भाची यांच्याबरोबर मी कणकवलीला गेलो होतो. भाचीला बी.कॉम.ला प्रवेश घ्यायचा होता. दुकानदाराने दोन लॅपटॉप शेजारी मांडले, किंमत जवळपास सारखीच. त्याने माउस गरगर फिरवला. ६० वाल्यावर बाण तुटक उड्या मारत गेला, १४४ वाल्यावर सुळकन. लांबलचक पान भराभर सरकवलं, तर तिथेही अक्षरं कमी फिसकटत होती. फरक खरा होता, मलाही दिसला. भाचीचं तर ठरलंच.

भावोजी तोवर गप्प होते. त्यांनी दोन्ही लॅपटॉप उचलले आणि थेट दुकानाच्या पायरीवर, उन्हात नेऊन ठेवले. १४४ वाल्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, "ह्येच्यात माका माझाच थोबाड दिसता. चेडू ह्येच्यात काय वाचतला?" दुसऱ्यावरची अक्षरं मात्र वाचता येत होती. दुकानदाराने माहितीचा कागद काढला. १४४ वाल्या पडद्याचा उजेड २५० निट्स, ६० वाल्याचा ४००. निट्स हे पडद्याचा उजेड मोजायचं माप. भाची अभ्यासाला बसते ती पडवीत. मे महिन्यात आतल्या खोलीत बसवतं कुणाला? (नवी घरं बांधताना लोक पडवीच ठेवत नाहीत, हे मला अजिबात पटत नाही. कोकणातल्या घराचा अर्धा जीव पडवीत असतो.) ६० वाला घरी आला.

तेव्हा सांगतो, आधी उजेड बघा, मग हर्ट्झ. स्वस्त लॅपटॉपमध्ये मोठा हर्ट्झ देताना बऱ्याचदा उजेड आणि रंग यांत काटकसर केलेली असते. सिनेमा सहसा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, त्याला ६० पुरतात. वेगवान गेम खेळणाऱ्याला १४४ चा खरा उपयोग, पण ग्राफिक्स कार्डाने तेवढी चित्रं तयार करायला हवीत. दोन्ही पडदे सारखेच उजळ असतील आणि पैसे फारसे वाढत नसतील, तर जास्त हर्ट्झचा खुशाल घ्या. डोळ्यांना बरं वाटतं.

आणि घेतलाच असेल, तर एक करा. जास्त हर्ट्झ बॅटरी जास्त खातो, आणि पावसात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे रिफ्रेश रेट, म्हणजे हाच हर्ट्झचा आकडा, ६० वर आणा. वीज आली की पुन्हा १४४ करता येतो.