फोन कुठेय हे कळायला चार दिवस

केल्सी स्मिथ 18 वर्षांची होती, हायस्कूल संपून जेमतेम दहाएक दिवस झाले होते. 2 जून 2007 च्या संध्याकाळी ती अमेरिकेत कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्कला टार्गेटच्या दुकानात मित्रासाठी गिफ्ट घ्यायला गेली आणि परत आलीच नाही. पार्किंगच्या सीसीटीव्हीत दिसत होतं की तिला कुणीतरी तिच्याच गाडीत ढकललंय, आणि काही तासांनी ती गाडी समोरच्या मॉलबाहेर रिकामी सापडली. म्हणजे पोरगी रागावून निघून गेली असेल वगैरे शंकेला जागाच नव्हती.

मोबाईल तिच्यासोबत गेला होता. आपण कुणाला कॉल केला नाही तरी चालू फोन जवळच्या टॉवरच्या संपर्कात राहतो, त्यावरून तो साधारण कुठल्या बाजूला आहे ते काढता येतं. शहरात टॉवर दाटीने असतात त्यामुळे अंदाज बरा येतो, मोकळ्या भागात तोच घेर काही किलोमीटरचा होतो. पण हे सगळं कंपनीच्या सिस्टीममध्ये असतं, पोलिसांना ते मागावं लागतं. व्हेरायझन या तिच्या मोबाईल कंपनीकडून ते मिळेपर्यंत चार दिवस गेले. मिळाल्यावर साधारण पाऊण तासात शोधणारे शेजारच्या मिसूरी राज्यातल्या लाँगव्ह्यू तलावापाशी पोचले, आणि तिथे केल्सीचा मृतदेह सापडला.

चार दिवस आईबाप पोर जिवंत असेल या आशेवर बसले होते हो, आणि ती कुठे आहे ते एका कॉम्प्युटरमधून काढता येत होतं.

गंमत नाही, तेव्हाही इमर्जन्सीत कोर्टाच्या ऑर्डरशिवाय माहिती द्यायला अमेरिकन कायद्याची मनाई नव्हती, फक्त द्यायची की नाही ते कंपनीवर सोडलेलं होतं. आता रात्रपाळीला बसलेला कर्मचारी उद्या केस झाली तर काय म्हणून घाबरणारच ना, तो वरच्याला विचारणार, वरचा वकिलाला विचारणार, आणि घड्याळ काही थांबत नाही. केल्सीचे आईवडील याच गोष्टीसाठी झगडले आणि 2009 मध्ये कॅन्ससने कायदा केला, की जिवाला धोका आहे असं पोलिसांनी सांगितलं की लोकेशन द्यायचंच, आणि त्यासाठी कंपनीवर दावा लावता येणार नाही.

याला विरोध झाला आणि तो मला उगाच वाटत नाही. इमर्जन्सी आहे असं पोलीसच सांगणार, मग खोटं सांगितलं तर? एफबीआयने 2003 नंतरची काही वर्षं तातडीची पत्रं पाठवून फोन रेकॉर्ड घेतले, आणि कितीतरी वेळा तातडी नव्हतीच, हे सरकारी तपासणीतच बाहेर आलं. आपल्याकडे ठाणे पोलिसांनी 2018 मध्ये सीडीआर, म्हणजे कुणी कुणाला कधी फोन केला त्याच्या नोंदी, विकणाऱ्यांना पकडलं, त्यात प्रायव्हेट डिटेक्टिव्ह होते. बायकोवर पाळत ठेवणाऱ्या नवऱ्याच्या हाती असलं काही लागलं तर काय होईल सांगा.

त्याच 2018 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कार्पेंटर नावाच्या आरोपीच्या केसमध्ये सांगितलं की जुन्या लोकेशनचा रेकॉर्ड हवा तर आधी वॉरंट आणा. त्या माणसाचे 127 दिवसांचे जवळपास 13 हजार लोकेशन पोलिसांनी घेतले होते! पण कुणाच्या जिवावर बेतलं असेल तर वॉरंटसाठी थांबायची गरज नाही, हेही त्याच निकालात आहे.

माझं म्हणणं असं की लोकेशन ताबडतोब द्यावं, आत्ताचं द्यावं, महिनाभराची हिस्टरी नाही, आणि ज्या अधिकाऱ्याने मागितलं त्याने एकदोन दिवसांत कोर्टापुढे लेखी कारण ठेवावं, आणि ज्याचा फोन शोधला त्यालाही नंतर कळवावं. तपासणी हवीच, फक्त ती माणूस सापडल्यावर करा.

मिसूरीसकट बऱ्याच राज्यांनी केल्सीच्या नावाचा कायदा केलाय. अख्ख्या देशासाठीचं बिल मात्र मे 2016 मध्ये अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधीगृहात पडलं, बहुमत होतं पण त्या पद्धतीने पास करायला दोन तृतीयांश मतं लागत होती, ती मिळाली नाहीत.