पाठीशी वारा, पुढे केप हॉर्न

[दृश्य: दिवाडी बेट, मांडवीचा काठ. धक्क्याला लागलेली शिडाची बोट, कॅमेरा डोलकाठीवर वर सरकतो.]

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात भारतीय नौदलासाठी दोन बोटी बांधल्या गेल्या. 2009 मध्ये ‘म्हादेई’, 2017 मध्ये ‘तारिणी’. दोन्ही 56 फुटी. दिलीप दोंदे ‘म्हादेई’तून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून 2010 मध्ये परतले. 2013 मध्ये अभिलाष टॉमींनी त्याच बोटीतून ती कुठेही न थांबता पूर्ण केली. 2017-18 मध्ये वर्तिका जोशींसह नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ घेऊन गेल्या, आणि 2024-25 मध्ये दिलना के. आणि रूपा ए. अशा दोघीच.

या सगळ्यांच्या वाटेत दक्षिण महासागर होता. चाळिसाव्या दक्षिण अक्षांशाच्या खाली पश्चिमेचा वारा जवळजवळ अखंड वाहतो आणि बोटीला जायचं असतं पूर्वेला. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकापर्यंत, म्हणजे केप हॉर्नपर्यंत, आठवडेच्या आठवडे वारा पाठीशी.

[दृश्य: कॉकपिट, सुकाणूपाशी बसायची जागा. वाऱ्याच्या यंत्रावर 21.]

काटा 21 नॉट दाखवतोय. डेक बऱ्यापैकी कोरडा, बोट 9 नॉटनं पळतेय. खरा वारा मात्र 30 नॉटचा आहे, म्हणजे ताशी सुमारे 55 किलोमीटर. बोट वाऱ्याच्याच दिशेनं पळत असल्यामुळे तिचा वेग त्यातून वजा झालाय. हिचं तोंड वाऱ्याकडे फिरवलं तर तोच वारा 35 नॉटचा होऊन अंगावर येईल. शिडावरचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 21 चे 35 झाले की जोर जवळपास पावणेतीन पट. मागच्या वाऱ्यातले बहुतेक घोटाळे इथेच सुरू होतात. त्रास जाणवत नसतो, म्हणून शीड लहान करायला उशीर होतो.

म्हणून रीफ घ्यायची, म्हणजे शिडाचा खालचा भाग दुमडून ते लहान करायचं, ती खऱ्या वाऱ्याचा आकडा बघून. जड, लांब पल्ल्याच्या बोटीवर 20 नॉटच्या पुढे पहिली, 25 ला दुसरी, 30 ला तिसरी. बोटीनुसार दोन-चार नॉट इकडेतिकडे.

[दृश्य: जवळून. स्प्रेडरवर, म्हणजे डोलकाठीच्या आडव्या दांडीवर, दाबलं गेलेलं मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, त्यावरचं घासलेलं ठिगळ.]

रीफ घेताना बोट वाऱ्याकडे वळवायची, असं सगळे शिकतात. चार मीटरच्या लाटांत ते धोक्याचं. इथे बोट पळत असतानाच शीड खाली घ्यावं लागतं, आणि ते बाजूच्या तारांवर आणि स्प्रेडरवर चिकटून बसलेलं असतं. मग आधी बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, थोडी आत घ्यायची, म्हणजे शीड तारांवरून सुटतं. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, अर्धा मीटर सोडायचा, तेवढंच शीड डोलकाठीपाशी हातानं खाली ओढायचं, लगेच मागची रीफची दोरी विंचवर, म्हणजे दोरी ओढायच्या चरखीवर, तेवढीच आवळायची. पुन्हा अर्धा मीटर. एकदम दोन मीटर सोडलं की कापडाचा फुगा स्प्रेडरभोवती अडकतो, शिडातली ताठ पट्टी, बॅटन, मोडते आणि शीड ना वर जातं ना खाली. प्रत्येक रीफसाठी हॅलयार्डवर आधीच रंगीत धाग्याची खूण बांधून ठेवली, तर अंधारात हाताला कळतं.

कोणतं शीड आधी कमी करायचं? मेनसेल. ते मागून ढकलतं आणि बोटीचं तोंड वाऱ्याकडे वळवायला बघतं. पुढचं शीड नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, धरून ओढतं. 35 नॉटच्या वर बरेच खलाशी मेनसेल पूर्ण उतरवून, बूम बांधून, एकट्या पुढच्या शिडावर चालवतात. बोट मग डोलते, भांडी आपटतात, झोप लागत नाही. तिसऱ्या रीफचं मेनसेल ठेवलं तर डोलणं कमी होतं. आतलं छोटं शीड, म्हणजे स्टेसेल, मधोमध ताठ बांधून ठेवणं हा त्याहून चांगला उपाय: डोलणं मरतं, आणि बोट वाऱ्याकडे वळू लागली तर हेच शीड नाळ परत वाऱ्यापासून दूर ढकलतं.

पुढचं शीड दांडी लावून बाहेर धरायचं, तर दांडीला स्वतःच्या तीन दोऱ्या हव्यात. एक वर, एक पुढे, एक मागे. शीट, म्हणजे शीड आवळायची दोरी, दांडीच्या टोकातून नुसती सरकते. असं असलं की झोत आल्यावर शीड गुंडाळता येतं आणि दांडी जागच्या जागी उभी राहते. नाळेवर कुणाला जावं लागत नाही.

[दृश्य: बूमचं टोक. तिथून निघणारी दोरी नाळेवरच्या कप्पीतून फिरून कॉकपिटकडे.]

ही दोरी म्हणजे प्रिव्हेंटर. वारा चुकून शिडाच्या दुसऱ्या बाजूला गेला की बूम कॉकपिटवरून सपकन फिरते. कवटी फोडायला तेवढं पुरतं, बूम डोलकाठीला जोडणारा गूझनेक तुटतो तो वेगळाच. प्रिव्हेंटर बूमच्या टोकाला बांधायचा. मध्यावर बांधला तर दोरीवर दुप्पट ताण येतो, आणि बूम नेमकी तिथेच मोडते. नाळेवरच्या कप्पीतून फिरवून तो कॉकपिटपर्यंत आणायचा, कारण सोडायची वेळ येते तेव्हा डेकवर पुढे जाण्याची सोय नसते. बोटीवर दोघीच असतील आणि एक झोपलेली असेल, तर हे सगळं एकटीच्या हातात यायला हवं.

दिशा कोणती धरायची? वारा अगदी शेपटावर, 180 अंशांवर घेतला की चुकून जाइब होण्याचा, म्हणजे बूम अशी पलीकडे फिरण्याचा, धोका सर्वाधिक. 150 ते 160 अंशांवर अंतर थोडं वाढतं, पण बोट स्थिर राहते आणि सुकाणूला चुकायला जागा मिळते. ऑटोपायलट कंपासवर ठेवून झोपू नये: वारा 20 अंश सरकला तरी तो जुन्याच दिशेला नेत राहतो.

आणि इथे वारा सरकतोच. शीत आघाडी येण्याआधी तो वायव्येचा असतो, बॅरोमीटर पडत असतो. आघाडी गेली की तासाभरात, कधी काही मिनिटांत, वारा नैर्ऋत्येला जातो आणि बॅरोमीटर चढू लागतो. वाऱ्याचे आकडे तेच, पण वायव्येच्या जुन्या लाटा अजून मेलेल्या नसतात आणि नैर्ऋत्येच्या नव्या त्यांना छेदतात. सगळ्यात जास्त सांभाळायचं ते या तासांत.

[दृश्य: मागून उचलणारी लाट. वेग 9, 11, 14.]

पाण्यालगत 49 फूट लांबीच्या बोटीचा नैसर्गिक वेग साधारण साडेनऊ नॉट. लाट मागून उचलते तेव्हा बोट उतारावर घसरत 14 वर जाते. नाळ पुढच्या लाटेच्या पायथ्याशी रुतते, पिछाडी हवेत, सुकाणूखाली फेस. फेसात सुकाणूला पकड नसते. बोट आडवी फिरते, कलते, हा ब्रोच. त्यात बूमचं टोक पाण्यात गेलं तर शीड सोडूनही वारा बाहेर जात नाही. तेव्हा प्रथम वांग, म्हणजे बूम खाली धरणारी दोरी, सोडायचा, बूम वर उचलली जाते.

चांगला सुकाणी नाळ वळण्याची वाट बघत नाही. पिछाडी उचलली जातेय हे पायांना कळतं, त्याच क्षणी तो थोडं सुकाणू देतो आणि लगेच परत घेतो. ऑटोपायलट बोट वळल्यावर जागा होतो. म्हणूनच अशा समुद्रात तासा-तासाच्या पाळ्या लावून हातानं चालवतात.

मुद्दाम जाइब करायची तर लाटेच्या उतारावर, वेग सर्वाधिक असताना. खरा वारा 30, बोट 14, म्हणजे शिडाला जाणवतात फक्त 16. प्रिव्हेंटर सोडा, बूम विंचवर मधोमध आणा, वळा, आणि पलीकडे गेल्याबरोबर शीट झरझर सोडा. बूम मधोमध राहिली की ब्रोच ठरलेलाच. लाटेच्या खळग्यात बोट मंदावते, तिथे हे करू नये.

[दृश्य: पिछाडीवरून सुटलेली लांब दोरी, तिच्यावर कापडी शंकूंची माळ.]

यापुढे वेग हाच धोका होतो. बोटीच्या लांबीच्या 30 टक्के उंचीची फुटती लाट आडवी बसली तरी बोट उलटू शकते. 56 फुटांच्या बोटीला ते झाले 17 फूट. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात अभिलाष टॉमींची छोटी ‘थुरिया’ उलटून तिची डोलकाठी गेली, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’नं त्यांना उचललं.

ड्रोग, म्हणजे वेग रोखायला मागे सोडलेली शंकूंची माळ, लावायचा तर वारा 50 वर जाण्याआधी. शंभराहून अधिक छोटे शंकू, शेवटी वजन, आणि पिछाडीच्या दोन्ही कोपऱ्यांना बांधलेली दुहेरी दोरी. कोपऱ्यांवरच्या पट्ट्या बोल्टनं हुलमधून, म्हणजे बोटीच्या अंगातून, आरपार हव्यात. दोरी बांधायच्या साध्या क्लीटवर हा भार टिकत नाही. दोरी जिथे काठाला टेकते तिथे पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवायचा आणि दर पाळीला टॉर्च मारून बघायचं, घासली तर नाही ना. कंपॅनियनवेच्या, म्हणजे खाली केबिनमध्ये जायच्या दाराच्या, फळ्या लावून कड्या घालायच्या, कारण आता लाटा कॉकपिटमध्येच फुटणार. वारा उतरल्यावर माळ विंचवर परत घेताना शंकू सपाट करत, हळूहळू घ्यायचे. त्याला तास-दीड तास सहज जातो.