गणपूर्ती न झालेला गुरुवार

मित्रहो, २२ ऑगस्ट २०२४ रोजी, गुरुवारी, जाकार्तातल्या सेनायान भागात इंडोनेशियाच्या संसदेबाहेर विद्यार्थी आणि कामगार जमले. योग्याकार्ता, बांडुंग, सेमारांग, माकासारलाही लोक रस्त्यावर होते. घराणेशाहीबद्दलचा राग सगळीकडे असतो, पण या लोकांची मागणी रागाहून नेमकी होती. ती दोन आकड्यांत मावत होती: साडेसात टक्के आणि तीस वर्षं. त्या दोन आकड्यांमागे काय होतं ते आज पाहू.

सुरुवात आधीच्या वर्षापासून करावी लागेल. २०१७ च्या निवडणूक कायद्यानुसार राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचं वय किमान ४० हवं. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो, म्हणजे जोकोवी, यांचे थोरले चिरंजीव गिब्रान तेव्हा ३६ वर्षांचे आणि सोलो शहराचे महापौर होते. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी घटना न्यायालयानं त्या कलमाला एक शेपूट जोडलं: वय ४० हवं, किंवा निवडणुकीतून मिळालेलं पद भूषवलेलं असावं. न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश अन्वर उस्मान हे जोकोवींचे मेहुणे; राष्ट्राध्यक्षांच्या बहिणीचे पती. ७ नोव्हेंबरला न्यायालयाच्या आचारसंहिता मंडळानं त्यांना मुख्य न्यायाधीशपदावरून दूर केलं. पण निकाल तसाच राहिला, कारण आचारसंहिता मंडळ न्यायाधीशाला शिक्षा करू शकतं, निकाल फिरवू शकत नाही. गिब्रान उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार प्राबोवो यांच्यासोबत निवडून आले.

त्या वेळी लोक कमी चिडले होते असं मला वाटत नाही. अडचण अशी होती की बदल खुद्द शेवटच्या न्यायालयानं केला होता. घटनेच्या २४-क कलमानुसार त्याचा निकाल अंतिम. दाद मागायला वरची पायरीच नव्हती. २०२४ मध्ये पायऱ्या उलट लागल्या, आणि आंदोलनाचं यश समजून घ्यायचं तर हाच फरक आधी लक्षात घ्यायला हवा.

प्रांतांच्या निवडणुका २७ नोव्हेंबर २०२४ ला होत्या. गव्हर्नरपदासाठी किमान वय ३०. जोकोवींचे धाकटे चिरंजीव काएसांग यांचा जन्म २५ डिसेंबर १९९४ चा, म्हणजे मतदानाच्या दिवशीही ते २९ वर्षांचेच. मग वय मोजायचं कोणत्या दिवशी? निवडणूक आयोगाच्या जुन्या नियमात उत्तर होतं: उमेदवारी निश्चित होते त्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबरला. २९ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते बदलून ‘शपथविधीच्या दिवशी’ केलं. प्रकरण अवघ्या तीन दिवसांत निकाली निघालं. इंडोनेशियात सर्वोच्च न्यायालय आणि घटना न्यायालय वेगवेगळी आहेत: कायद्याखालचे नियम पहिलं तपासतं, कायदा स्वतः दुसरं. पुढचा सगळा गोंधळ या दुहेरी रचनेतून उभा राहिला.

दुसरा आकडा उंबरठ्याचा. उमेदवार उभा करायला पक्षाकडे किंवा आघाडीकडे प्रांतिक सभागृहातल्या २० टक्के जागा किंवा २५ टक्के मतं हवीत, असा कायदा होता. जाकार्ताच्या सभागृहात १०६ जागा, म्हणजे २२ जागांची गरज. ऑगस्टमध्ये बारा पक्ष एकाच उमेदवारामागे, रिदवान कामिल यांच्यामागे, गोळा झाले. उरला पीडीआय-पी हा पक्ष, त्याच्याकडे १५ जागा. सोबत घ्यायला कुणीच शिल्लक नाही. एका अपक्ष जोडीखेरीज मैदान मोकळं झालं असतं. विरोधकाला तुरुंगात टाकायची गरज नाही. सगळे सोबती आपल्याकडे ओढले की उंबरठाच त्याला बाहेर ठेवतो.

२० ऑगस्टला घटना न्यायालयानं दोन निकाल दिले. क्रमांक ६० च्या निकालानं जागांची अट काढून मतांची टक्केवारी ठेवली आणि ती मतदारसंख्येशी बांधली. प्रांतात २० लाखांपर्यंत मतदार असतील तर १० टक्के, ६० लाखांपर्यंत साडेआठ, १ कोटी २० लाखांपर्यंत साडेसात, त्यापुढे साडेसहा. जाकार्तात मतदार ८२ लाखांच्या आसपास, म्हणून साडेसात. क्रमांक ७० ची याचिका दोन विद्यार्थ्यांची होती, आणि तिथं एक बारकावा आहे. न्यायालयानं याचिका फेटाळली, पण कारणमीमांसेत लिहिलं की वय उमेदवारी निश्चितीच्या दिवशीच मोजायचं, कायदा मुळात स्पष्टच आहे. वर इशारा दिला की हे न पाळणाऱ्या उमेदवाराची निवड निकालाच्या वादात अवैध ठरू शकते. नुसता आदेशाचा परिच्छेद वाचणाऱ्याला वाटावं, विद्यार्थी हरले!

संसदेनं नेमकी हीच फट धरली. २१ तारखेला विधिमंडळ समिती बसली आणि काही तासांत दुरुस्ती विधेयक तयार झालं. वयासाठी घटना न्यायालयाऐवजी सर्वोच्च न्यायालयाचा अर्थ घेतला. उंबरठ्याची सवलत फक्त सभागृहात एकही जागा नसलेल्या पक्षांना दिली. जागा असलेल्यांना जुने २० टक्के कायम. कागदावर निकालाचा मान राखल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात १५ जागांचा पक्ष बाहेरच. नऊपैकी आठ गटांनी होकार दिला, पीडीआय-पी एकटा विरोधात.

त्याच दिवशी फोनाफोनांवर निळ्या रंगावरच्या गरुडाचं चित्र फिरू लागलं, वर ‘पेरिंगातान दारुरात’, म्हणजे आणीबाणीचा इशारा. सोबतची हाक होती ‘कावाल पुतुसान एमका’: घटना न्यायालयाच्या निकालाची राखण करा. कावाल म्हणजे सोबत चालून रक्षण करणं. सरकार पाडा, घराणं हाकला, असं ती हाक म्हणत नव्हती. राखायची वस्तू ठरलेली, दिवसही ठरलेले: अर्ज भरण्याची मुदत २७ ते २९ ऑगस्ट. मागणी इतकी मोजून-मापून असली की सत्ताधाऱ्यांना अर्धवट काहीतरी देऊन लोकांना घरी पाठवणं फार अवघड जातं.

गुरुवारी सकाळी पूर्ण सभागृहाची बैठक होती. सभासद ५७५, गणपूर्तीला निम्म्याहून जास्त हवेत. आत प्रत्यक्ष आले ८९. उपसभापती सुफ्मी दास्को यांनी बैठक पुढे ढकलली. बाहेर फाटक तुटलं, अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे झाले, तरुणांची धरपकड झाली. संध्याकाळी दास्कोंनी दुरुस्ती रद्द झाल्याचं सांगितलं आणि हिशेबही दिला: पूर्ण बैठक मंगळवारी आणि गुरुवारी होते, पुढचा मंगळवार २७ तारखेचा, त्या दिवशी अर्ज सुरू, तेव्हा आता घटना न्यायालयाचाच निकाल लागू. आंदोलनानं खरं तर एक गुरुवार अडवला, आणि दिनदर्शिकेत दुसरा दिवसच उरला नाही.

इथं घरी जाणं ही चूक ठरली असती. विधेयक थांबलं तरी निवडणूक आयोगाच्या नियमात अजून सर्वोच्च न्यायालयाचाच अर्थ आणि जुनाच उंबरठा होता, आणि अर्ज तपासणारा अधिकारी नियम बघतो, वर्तमानपत्र नाही. आयोगाला नियम बदलण्याआधी संसदेच्या समितीशी सल्लामसलत करावी लागते; म्हणजे ज्यांनी विधेयक आणलं त्यांच्याच दारातून कागद जाणार. म्हणून शुक्रवारीही लोक हटले नाहीत. २५ ऑगस्टला, रविवारी, समितीनं मान्यता दिली आणि दोन्ही निकाल धरून नवा नियम क्रमांक १० निघाला. अर्जांना दोन दिवस बाकी होते.

काएसांग उभे राहिले नाहीत. पीडीआय-पीनं जाकार्तात प्रामोनो आनुंग यांना उभं केलं आणि ते ५०.०७ टक्के मतांनी जिंकले. जाकार्तात पहिल्याच फेरीत जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागतात, ती जेमतेम ओलांडली. अर्जांची मुदत संपेपर्यंत निकाल राखला गेला नसता तर हे नाव मतपत्रिकेवरच नसतं.

जे सुटलं तेही सांगायला हवं. जोकोवींचे जावई बॉबी नासुतियोन त्याच निवडणुकीत उत्तर सुमात्राचे गव्हर्नर झाले, सगळ्या नियमांत बसून. नातेवाइकांना एक मुदत थांबायला लावणारं कलम २०१५ च्या कायद्यात होतं. समान हक्कांच्या कारणानं घटना न्यायालयानंच ते त्या वर्षी काढून टाकलं, आणि मला त्या निकालातला युक्तिवाद आजही अपुरा वाटतो. उंबरठा खाली आल्यावरही ३७ ठिकाणी एकच जोडी उभी होती. तिथं मतपत्रिकेवर समोर रिकामा चौकोन असतो, त्यालाही मत देता येतं. पांगकालपिनांग शहरात आणि बांगका जिल्ह्यात रिकामा चौकोन जिंकला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथं नव्यानं मतदान घ्यावं लागलं.