विजेवर चालणारी वस्तू निर्यात करताना लागणारं सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नेमकं कशाचं असतं?

[दृश्य: चाचणी प्रयोगशाळा. लालभडक तापलेली तार.]

चार मिलिमीटर जाडीची ही निकेल-क्रोमची तार. ती ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली आहे. समोर आहे एका घरगुती उपकरणातला प्लॅस्टिकचा भाग, ज्यावर विजेचे जोड बसतात. तार त्याला टेकते आणि तीस सेकंद तशीच राहते. प्लॅस्टिक वितळतं, धूर निघतो, कधी ज्योतही उठते. तार मागे घेतल्यावर ती ज्योत तीस सेकंदांच्या आत आपोआप विझायला हवी. शिवाय खाली अंथरलेल्या पातळ कागदाने पेट घेता कामा नये.

ही ग्लो वायर चाचणी. जोड सैल झाला की तिथे उष्णता साठते. घरात कुणी नसताना असा जोड तापला, तर आग पसरेल का, हे इथे आधीच करून पाहिलं जातं.

[दृश्य: सांध्यांवर वाकणारं धातूचं बोट.]

हे बोट १२ मिलिमीटर जाड आणि ८० मिलिमीटर लांब, म्हणजे साधारण माणसाच्या बोटाएवढं. वस्तूच्या प्रत्येक फटीतून, प्रत्येक भोकातून ते आत घालून बघतात. वीज वाहणाऱ्या उघड्या भागाला ते टेकलं, की नमुना नापास. निर्यातीची कागदपत्रं म्हणून आपण जे फाईलला लावतो, त्याच्या मुळाशी अशा चाचण्या आहेत. एखाद्या अनोळखी घरातल्या माणसाला शॉक बसू नये, ही त्यामागची काळजी मला फार मोलाची वाटते.

[दृश्य: उत्पादनाच्या मागच्या बाजूचं लेबल.]

काळजी सगळीकडे सारखीच, पण ती सिद्ध करायची रीत बाजारागणिक बदलते.

युरोपात सीई चिन्ह लागतं. बहुतेक विद्युत वस्तूंसाठी ते कुठलंही सरकारी कार्यालय देत नाही. उत्पादक स्वतःच्या सहीने जाहीर करतो की माल नियमांत बसतो. यावरून हे काम सोपं आहे असा अनेकांचा समज होतो, आणि तिथेच घात होतो. सहीमागे चाचणी अहवाल, सर्किटचे आराखडे आणि धोक्यांचा अभ्यास असलेली तांत्रिक फाईल हवी. ती शेवटचा नग बाजारात गेल्यानंतरही दहा वर्षं जपावी लागते. सुरक्षिततेबरोबर विद्युतचुंबकीय हस्तक्षेपही, म्हणजे वस्तूमुळे आसपासच्या उपकरणांत अडथळा येतो का हेही, तपासलं जातं. शिसं, पारा, कॅडमियम यांसारख्या घातक पदार्थांवर मर्यादा आहेत. शिसं ०.१ टक्का, कॅडमियम तर ०.०१ टक्काच, आणि हे मोजायचं ते प्रत्येक एकजिनसी पदार्थात. सोल्डर वेगळं, वायरचं आवरण वेगळं. जुलै २०२१ पासून अशा मालासाठी युरोपीय संघात जबाबदारी घेणारा कुणीतरी असणंही सक्तीचं आहे.

अमेरिकेची घडण निराळी. तिथली यूएल ही वस्तूंची सुरक्षितता तपासणारी संस्था १८९४ साली विल्यम मेरिल या विद्युत अभियंत्याने सुरू केली. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातल्या विजेच्या जोडण्यांमुळे आगीचा धोका किती आहे, हे विमा कंपन्यांना कळून चुकलं होतं. आजही घरगुती वापराच्या सरसकट सगळ्या वस्तूंना यूएलचं चिन्ह लावा, असा देशभराचा एकच कायदा नाही. पण मोठे विक्रेते ते मागतात. रेडिओ लहरींच्या हस्तक्षेपासाठी एफसीसी या सरकारी दूरसंचार नियामक संस्थेचे नियम वेगळे.

जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, पूर्वेकडे ५० हर्ट्झ, पश्चिमेकडे ६०. तिथे पीएसई चिन्ह. चीनला सीसीसी, कोरियाला केसी, ऑस्ट्रेलियाला आरसीएम.

मग प्रत्येक देशासाठी सगळ्या चाचण्या पुन्हा करायच्या का? नाही. सीबी या आंतरराष्ट्रीय योजनेत एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल इतर सदस्य देशांतल्या संस्था आधार म्हणून स्वीकारतात. मात्र कुठल्या देशांत माल पाठवायचा आहे, हे पहिल्याच दिवशी सांगा. त्या देशांचे खास फरक त्याच चाचणीत धरले, तर पुढचा फेरा वाचतो.

[दृश्य: जोडणीचं टेबल. सर्किट बोर्डवर कपॅसिटर बसवणारे हात.]

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अहवालात महत्त्वाच्या सुट्या भागांची यादी असते: प्लग, वायर, ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, प्लॅस्टिकची जात, प्रत्येकाचा उत्पादक आणि मॉडेल क्रमांक. प्रमाणपत्र कंपनीच्या नावाने निघतं, पण ते असतं या यादीतल्या वस्तूचं. पुरवठादाराकडे माल संपला म्हणून खरेदी विभागाने दुसरा कपॅसिटर मागवला, तो दिसायला आणि मापाला तोच असला, तरी प्रमाणपत्र त्या नव्या वस्तूला लागू होत नाही. यूएलचे निरीक्षक पूर्वसूचना न देता कारखान्यात येतात, तेव्हा हीच यादी हातात धरून नग उघडायला सांगतात.

म्हणून ही यादी खरेदी विभागाच्या भिंतीवर हवी. बदल करायचाच असेल तर आधी प्रमाणन संस्थेला कळवायचं. कधी कागदपत्रांवर भागतं, कधी चाचणी पुन्हा द्यावी लागते. त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत नवा भाग जोडणीच्या टेबलावर येऊ द्यायचा नाही.