पिशवीतली पत्रं

आपल्याकडे नावाआधी ‘बॅ.’ लागलं की माणूस दोन इंच उंच होतो. बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले. माझ्या आजीला अजून वाटतं, मी लंडनमध्ये मोटारीतून कोर्टात जाते. मी जाते मेट्रोने, चाकांची बॅग ओढत.

तिथे अशील आधी सॉलिसिटरकडे जातो. कागद तो जमवतो आणि बाजू मांडायला माझ्यासारख्या बॅरिस्टरला नेमतो. बरेचदा आदल्या संध्याकाळी सहाला क्लार्कचा फोन येतो, ‘उद्या दहाला काउंटी कोर्ट, घराचा ताबा.’ इमिग्रेशनची अपिलं ट्रायब्युनलमध्ये चालतात, घराचे दावे काउंटी कोर्टात. न्यायाधीश वेगळे, कायदे वेगळे. अशील मात्र पुष्कळदा तोच निघतो.

एक प्रसंग सांगते, तपशील थोडे बदलून. ताब्याचे दावे एका सकाळी ढिगाने लावलेले असतात, प्रत्येकाला मिळतात जेमतेम पाच-दहा मिनिटं. पुकाऱ्याला अर्धा तास होता. अशील बाईंनी माझ्या हातात सुपरमार्केटची पिशवी दिली. आत पाकिटं, निम्मी न फोडलेली. घाबरलेली माणसं पत्रं फोडत नाहीत, हे मी आता धरूनच चालते. कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसून आम्ही दोघींनी ती तारखेप्रमाणे लावली. अकरावं का बारावं पाकीट फोडलं आणि सापडलं. भाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत बंद झाली होती, कारण बाईंच्या रहिवासी परवान्याच्या कार्डाची मुदत संपली होती.

या कार्डाची गंमत ऐका. परदेशी रहिवाशांच्या कितीतरी कार्डांवर 31 डिसेंबर 2024 हीच तारीख छापलेली होती, कारण पुढे सगळं ई-व्हिसावर, म्हणजे ऑनलाइन नोंदीवर, जायचं होतं. बाईंची राहण्याची परवानगी 2027 पर्यंत होती. संपलं होतं ते प्लास्टिक. हे मदत देणाऱ्या कचेरीतल्या टेबलापलीकडच्या माणसाला कळलं नाही आणि बाईंना सांगता आलं नाही. मदत थांबली, भाडं थकलं, दावा लागला.

थकबाकीच्या काही दाव्यांत कायदा न्यायाधीशाचे हात बांधतो, ताबा द्यावाच लागतो. इथे नशिबाने तसं नव्हतं. मोबाइलवर ई-व्हिसा उघडून दाखवला. तारीख चार आठवडे पुढे गेली आणि तेवढ्यात मदत मागच्या तारखेपासून सुरू झाली.

याच्या उलटही होतं. निर्वासिताचा दर्जा मिळाला की आश्रयार्थी म्हणून दिलेली खोली सोडावी लागते. नियमात मुदत 28 दिवसांची. म्हणजे मी अपील जिंकते आणि अशील बेघर होतो! एकट्या, धडधाकट तरुणाला घर देणं कौन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, बंधनकारक नसतं. इतरांपेक्षा तो अधिक असहाय आहे, हे दाखवावं लागतं. इतर म्हणजे कोण? कौन्सिलं म्हणायची, ‘नेहमीचा बेघर माणूस.’ रस्त्यावरचे सगळेच आजारी, मग तुमच्या आजाराचं काय कौतुक? 2015 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लंडनमधल्या सदर्क कौन्सिलच्या प्रकरणात हे मोडीत काढलं. तुलना करायची ती सर्वसामान्य माणूस बेघर झाला तर त्याचं काय होईल, त्याच्याशी.

कौन्सिलं दुष्ट असतात असं नाही, घरंच नाहीत. बाबासाहेब जिथे राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये घेतलं, तर राहती जागा कमी होते म्हणून कॅम्डेन कौन्सिलने तिथल्या स्मारकाला परवानगी नाकारली. 2020 मध्ये मंत्र्यांनी ती दिली. माझं मन अर्थातच स्मारकाकडे होतं, पण कॅम्डेनचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता.

आता त्या बाई. घर जाण्याच्या दाव्यात त्यांच्यासारखीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. आश्रयाची प्रकरणं सोडली, तर इमिग्रेशनच्या बहुतेक कामांची ही सोय एप्रिल 2013 पासून बंद आहे. 2027 मध्ये परवानगी वाढवायचा अर्ज त्यांना बहुधा एकटीनेच भरावा लागेल. तो फसला, तर सरकार पुन्हा माझी फी भरेल, घराच्या दाव्यासाठी.