हिशेब प्रवाशाचा

श्रोतेहो, नमस्कार. अहिल्यानगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला 1995 साली मंजुरी मिळाली, तेव्हा खर्चाचा अंदाज होता 353 कोटींचा. आता तो 4,800 कोटींच्या पुढे गेलाय, आणि त्यातला निम्मा वाटा राज्याचा. सप्टेंबर 2025 मध्ये बीडहून नगरची गाडी सुरू झाली, आणि लोक विचारू लागले, एवढा पैसा तिकिटातून वसूल होणार का? नाही होणार. पॅसेंजरच्या भाड्यातून तिचा चालवायचा खर्चसुद्धा भागत नाही.

पण हिशेब प्रवाशाचा धरा, नुसत्या तिकिटाचा नको.

मागे सेलूहून संभाजीनगरला पॅसेंजरने निघालो होतो. समोर एक मावशी, सोबत त्यांची सून, घाटीच्या सरकारी दवाखान्यात दाखवायला निघालेल्या. मावशींनी पिशवीतून बाटली काढली आणि घटाघटा पाणी प्यायल्या. परतूर यायच्या आत पुन्हा प्यायल्या. सून म्हणाली, "आत्याबाई, बास की आता." तर म्हणतात कशा, "पिऊ दे गं. यष्टीनं जायचं म्हणलं की आदल्या रातीपासून घोटभर पाणी घेत नव्हते मी. मधी उतरून जावं कुठं बाईमाणसानं?" मी विचारलं, मावशी, दुखणं कसलं? म्हणाल्या, "मुतखडा. डाक्तर म्हणतो, पाणी लई प्या."

श्रोतेहो, डब्यात संडास आहे, एवढीच ती सोय. कुठल्या खतावणीत मांडाल ती?

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. मिरज-लातूर ही जुन्या बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लाइन रुंद, म्हणजे ब्रॉडगेज झाली होती म्हणूनच ते थेट येऊ शकलं. रूळ बदलताना हा फायदा कुणाच्या हिशेबात होता?

खर्चाकडे काणाडोळा करा, असं मी म्हणत नाही. रिकामी गाडी रोज पळवणं परवडणारं नाही. पण गाडी रिकामी दिसली की आधी तिची वेळ बघा. पुन्हा सांगतो, हिशेब प्रवाशाचा धरा. बीडची गाडी दवाखान्यात केसपेपर निघायच्या आत नगरला पोचली पाहिजे, आणि कॉलेज सुटल्यावर पोरापोरींना घेऊन परत निघाली पाहिजे. एवढं वेळापत्रक आधी करा, आणि मग प्रवासी मोजा.