बोटातला कंपास, गळ्यातला गुण्या

(दृश्य : काळ्या मखमलीवर सोन्याचा छोटा गोळा. एक हात त्याची कडी सरकवतो.)

घड्याळाच्या साखळीला अडकवायचा हा गोळा. कडी सरकली की तो उलगडतो, आतून चांदीचे सहा पिरॅमिड निघतात आणि त्यांचा एक क्रूस होतो. प्रत्येक पिरॅमिडवर बारीक कोरीवकाम आहे : काटकोन तपासायचा गुण्या, वर्तुळ काढायचा कंपास, ओळंबा, थापी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला इंग्लंडमधले फ्रीमेसन, म्हणजे दीक्षा घेऊन सभासद होणाऱ्या एका जुन्या बंधुसंघटनेची माणसं, असे गोळे वापरत. मिटलेला असताना हा नुसता दागिना वाटतो, उघडल्यावर मालक कोण ते कळतं. चिन्ह कुठे दाखवावं आणि कुठे झाकावं, हा सगळा प्रश्न या एका कडीत आहे.

(दृश्य : लॉजचं, म्हणजे फ्रीमेसनांच्या स्थानिक शाखेचं, बंद दार.)

फ्रीमेसनांची पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची मध्यवर्ती संस्था, 1717 मध्ये लंडनला स्थापन झाल्याचं मानलं जातं. चिन्हं दगड घडवणाऱ्या गवंड्यांच्या हत्यारांवरून घेतलेली. पण दागिन्यांच्या या परंपरेची सुरुवात दागिने उतरवण्यापासून होते. नव्या माणसाला दीक्षेसाठी आत नेण्याआधी त्याच्या अंगावरचा धातू काढून घेतात : नाणी, घड्याळ, अंगठी. लग्नाची अंगठी बोटातून निघतच नसेल, तर अनेक ठिकाणी ती पट्टीने झाकतात. मग त्याला मिळतो तो कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन, ज्यावर एकही चिन्ह नसतं. बाकीचं पुढे, पायरीपायरीने.

(दृश्य : निळ्या रुंद पट्ट्यांना लटकलेली चांदीची पदचिन्हं, एकेक जवळून.)

लॉजमध्ये गळ्यातल्या पट्ट्याला जे लटकतं ते पदाचं असतं. मास्टरच्या, म्हणजे लॉजच्या प्रमुखाच्या, गळ्यात गुण्या. त्याच्या खालोखालच्या सीनियर वॉर्डनकडे सपाटी तपासायची पाणसळ, ज्युनियर वॉर्डनकडे ओळंबा. खजिनदाराची किल्ली, चिटणिसाच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन लेखण्या, दाराबाहेर पहारा देणाऱ्या टायलरची तलवार. नवखा पाहुणासुद्धा गळ्यांकडे बघून सांगू शकतो, कुणाचं काम काय.

वर्ष संपलं की मास्टर गळ्यातला पट्टा उतरवतो आणि तोच पट्टा नव्या मास्टरच्या गळ्यात जातो. ते पदचिन्ह लॉजच्या मालकीचं. घरी न्यायचं नाही, त्यावर स्वतःचं नाव कोरायचं नाही. मला या सगळ्या शिस्तीत सर्वांत सुंदर वाटते ती ही अदलाबदल. पायउतार झालेल्याला त्याचं वेगळं मानचिन्ह मिळतं. इंग्लंडमध्ये त्यावर गुण्याखाली युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं 47वं प्रमेय लटकतं, म्हणजे आपण शाळेत शिकलेलं पायथागोरसचं. अमेरिकेत त्याऐवजी सूर्यासह उघडा कंपास दिसतो.

लॉजचं काय आणि माणसाचं काय, या फरकाचं एक ठळक उदाहरण लंडनच्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात प्राण गमावलेल्या 3,225 सभासदांचं हे स्मारक 1933 मध्ये उघडलं. बांधकामासाठी किमान दहा गिनी देणाऱ्याला एक पदक मिळालं, मागे त्याचं नाव कोरलेलं. ज्या लॉजचं योगदान सरासरी प्रत्येक सभासदामागे दहा गिनी भरलं, त्या लॉजलाही पदक मिळालं आणि ते तिथला मास्टर आजही गळ्यात घालतो. वैयक्तिक पदक मात्र देणाऱ्यापाशीच थांबतं. मुलाने, नातवाने ते कपाटात जपावं, छातीवर लावू नये.

(दृश्य : रस्ता, गर्दी, कोटाच्या कॉलरवरची पिन.)

दाराबाहेर नियम बदलतात. इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या घटनेनुसार एप्रन आणि पट्टा घालून सार्वजनिक ठिकाणी फिरायचं तर आधी परवानगी लागते. मोठ्या समारंभांत ती परंपरा आहेच : 18 सप्टेंबर 1793 रोजी अमेरिकेच्या कॅपिटॉलची कोनशिला बसवताना जॉर्ज वॉशिंग्टन एप्रन घालून उभे होते. पण पिन आणि अंगठीला अशी परवानगी लागत नाही. तिथे माणसाने स्वतःच ठरवायचं.

म्हणूनच अंगठीवरून वाद चालतो. कंपासाची टोकं मनगटाकडे हवीत की नखांकडे? मनगटाकडे असली तर चिन्ह घालणाऱ्याला सुलट दिसतं, नखांकडे असली तर समोरच्याला. यासाठी लेखी नियम नाही. माझा कौल मनगटाकडे. दिवसभरात आपला हात सर्वांत जास्त वेळा आपणच बघतो, आणि सही करताना, पैसे मोजताना ते चिन्ह आपल्याला दिसायला हवं.

जर्मनीत नाझी राजवटीने 1935 पर्यंत लॉज बंद पाडले. पुढे फ्रीमेसन ओळख लपवून निळ्या फुलाची पिन लावत, अशी गोष्ट सांगतात. त्याला पुरावा तोकडा आहे. युद्धानंतर मात्र ते निळं फूल जर्मन फ्रीमेसनांचं खूण-चिन्ह झालं आणि आज जगभर अनेक कोटांवर दिसतं. छळ सोसलेल्यांची आठवण म्हणून ते लावणं मला रास्त वाटतं, तेवढी गोष्ट सांगताना काळजी घ्यावी.

(दृश्य : जुनी अंगठी तळहातावर.)

आणि वारसाने मिळालेल्या अंगठीचं काय? वडील सभासद होते, मुलगा नाही. ठेवा म्हणून ती जपायला कुणाचीच हरकत नाही. बोटात घालून मिरवणं मात्र वेगळं, कारण चिन्ह पाहून कुणी भाऊ म्हणून हात पुढे करेल, मदत मागेल किंवा देऊ करेल. कॅलिफोर्नियात तर अधिकार नसताना, फसवण्याच्या हेतूने अशा संघटनेचा बिल्ला लावणं हा गुन्हा आहे. मुलाला अंगठी घालायचीच असेल, तर आधी वडिलांच्या लॉजकडे सभासदत्वाचा अर्ज करावा. आणि ती घरात ठेवायची नसेल, तर ती घेणार का, असं लॉजला विचारून बघावं.